रोहू, अमोनिया आणि पहाटेचा ऑक्सिजन : प्रकल्प नोंदी

4 मार्च 2024

एकदाचं काम सुरू झालं. प्रपोजलला नाव लांबलचक दिलंय, ते तसंच द्यावं लागतं, पण प्रश्न साधा आहे की उन्हाळ्यात पंचगंगेत मासे मरतात ते नेमके कशाने मरतात. कोल्हापुरात कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं, "केमिकल सोडलं". बऱ्याचदा ते खरंही निघतं. पण दर वेळी तेवढ्यावर भागत नाही आणि मला हे सगळं एकदा माशाच्या अंगाने बघायचंय.

एमएस्सीची दोन पोरं बाहेरगावची आहेत आणि ह्या नोंदी तीही वाचणार म्हणून नदीबद्दल थोडं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते (पाचवी सरस्वती, ती गुप्त), मग कोल्हापूर, इचलकरंजी करत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. मध्ये कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळा संपला की बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसतात आणि नदी वाहायची थांबते, म्हणजे नकाशावर ती नदी असते पण माशाच्या दृष्टीने एकामागोमाग एक तळी असतात. त्यात कोल्हापूरचे जयंतीसारखे नाले, इचलकरंजीचा काळा ओढा, शेतातला निचरा, आणि गळीत हंगामात कुठून तरी मळीमिश्रित पाणी. पाणी पुढे जात नाही त्यामुळे जे आलं ते तिथंच कुजतं.

आपल्याकडे प्राणिशास्त्रात टॉक्सिकोलॉजी म्हटलं की 96 तासांची एलसी50 काढायची, म्हणजे किती मात्रेला चार दिवसांत निम्मे मासे मरतात तो आकडा. मीही पीएचडीला तेच केलं. पद्धत चांगली आहे, ओईसीडी ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेची 203 नंबरची गाइडलाइन नीट पाळली तर आकडा भरवशाचा येतो. पण ती पाळायची म्हणजे एअरेटर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) चालू, ऑक्सिजन संपृक्ततेच्या, म्हणजे पाण्यात मावेल तेवढ्याच्या, 60 टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, तापमान स्थिर, पीएच स्थिर, विष एकच. बंधाऱ्यामागच्या पाण्यात ह्यातलं काहीच स्थिर नसतं, दिवसात आणि रात्रीत तर जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून ह्या वेळी पाणी मुद्दाम हलतं ठेवायचं, दुपारी एक आणि पहाटे दुसरं. विष म्हणून अमोनिया घेतलाय, कारण तो सांडपाण्यात असतोच, कुणी चोरून सोडायची गरज नाही.

11 मार्च

मासे आले. रोहू, गेल्या पावसाळ्याचं बीज, बोटुकलीच्या पुढे गेलेलं. जिरे, बीज, बोटुकली हे माशाच्या पिल्लाच्या वाढीच्या टप्प्यांचे शब्द पोरांना पाठ करून घेतले, नाहीतर मत्स्यबीज केंद्रावर गेल्यावर तिथली माणसं हसतात. पिशव्यांत ऑक्सिजन भरून आणले, लॅबमध्ये पिशव्या तशाच टाकीत तरंगत ठेवल्या, तापमान जुळल्यावर सोडले. आधी लाल औषधाची, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटची, पातळ आंघोळ.

नळाचं पाणी साठवून एअरेट करून वापरतोय, क्लोरीन जाण्यासाठी. क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना भयंकर लागतो, माणसाला प्यायला बरं असलेलं पाणी माशाला मारू शकतं हे बाहेर कुणाला सांगितलं तर पटत नाही.

दोन आठवडे निव्वळ खायला घालून बघत बसायचं. एथिक्स कमिटीने एक अट घातलीय ती मला आवडली, मासा मरेपर्यंत थांबायचं नाही, तोल गेला, आडवा पोहायला लागला की तोच शेवट धरायचा, त्याला काढून लवंगेच्या तेलात बेशुद्ध करायचं आणि पुढचं काम करायचं. शास्त्रासाठीही हे बरं, मेलेल्या माशाचे कल्ले फार लवकर खराब होतात, स्लाइडवर विषाचा परिणाम कुठला आणि कुजणं कुठलं कळत नाही.

19 मार्च

बिनमाशाच्या टाक्यांवर ट्रायल. रात्रीचा कमी ऑक्सिजन आणण्यासाठी पाण्यात नायट्रोजन सोडतोय, सिलिंडरमधून, बारीक बुडबुडे. डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, छान खाली आला. आणि पीएच चढायला लागला! पीएचडी करणारी मुलगी म्हणाली मॅडम मीटर बिघडलाय. बफर बदलून पुन्हा कॅलिब्रेट केला, मीटर ठीक होता.

कारण विचार केल्यावर सोपं आहे. नायट्रोजनचे बुडबुडे ऑक्सिजन बाहेर काढतात तसा कार्बन डायऑक्साइडही काढतात, तो गेला की पाण्यातली आम्लता कमी होते, पीएच वर. आता ह्यात खाच अशी की अमोनियाचं विषारीपण पीएचवर अवलंबून असतं. म्हणजे दोन टाक्यांत मोजून सारखा अमोनिया टाकला, एकीत नायट्रोजन सोडला, तर त्या टाकीत विष आपोआप वाढणार, मासे जास्त मरणार, आणि आम्ही खुशाल लिहिणार की कमी ऑक्सिजनमुळे मेले. म्हणून आता नायट्रोजनबरोबर थोडा कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि पीएच जागेवर ठेवायचा. त्याचा व्हॉल्व्ह ॲक्वेरियमवाल्याकडे मिळाला, हौशी लोक टाकीत झाडं वाढवतात त्यासाठी असतो तो. सायंटिफिक सप्लायरच्या कोटेशनपेक्षा कितीतरी स्वस्त.

दुसरं, अमोनिया मोजायचं नेसलर रिएजंट बंद. त्यात पारा असतो. जलप्रदूषणाच्या लॅबने अमोनिया मोजायला पारा सिंकमध्ये ओतायचा हे बरं दिसत नाही. फिनेट पद्धत घेतोय, निळा रंग येतो, थोडी किचकट आहे पण चालेल.

30 मार्च

रंगपंचमी. लॅबमध्ये चिटपाखरू नाही, बाहेर पिंपं भरून चाललंय. माशांना खायला घालायला आले आणि बसून आकडेमोड केली, ती इथे नीट लिहून ठेवते कारण अख्खा प्रकल्प हिच्यावर उभा आहे.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम आयन, त्याच्यावर भार असतो त्यामुळे तो कल्ल्याच्या पेशीतून सहज आत जात नाही. दुसरा मोकळा अमोनिया, वायू, तो सरळ आत. लॅबचा रिपोर्ट बहुतेक वेळा दोन्हींची बेरीज देतो. कुठल्या रूपात किती हे पीएच आणि तापमान ठरवतात. एमर्सन आणि मंडळींचं 1975 सालचं समीकरण आहे, ते वापरलं. पाणी 30 अंश सेल्सियस धरलं (एप्रिल-मेमध्ये सहज असतं) तर पीएच 7.2 ला एकूण अमोनियापैकी मोकळा साधारण 1.3 टक्के. पीएच 8.8 ला तोच 34 टक्के. म्हणजे पाण्यात नव्याने एक थेंबही न टाकता विष सुमारे 27 पट.

आणि पीएच 8.8 व्हायला कारखाना लागत नाही. पाणी साचलेलं, सांडपाण्याचं खत मिळालेलं, ऊन कडक, शेवाळ माजतं, दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि दुपारी तीन-चारला पीएच वर जातो. रात्री उलट, तेच शेवाळ आणि तळाचा गाळ ऑक्सिजन खातात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, पीएच खाली, डीओ खाली. म्हणजे दुपारी अमोनियाची पाळी, पहाटे गुदमरण्याची पाळी. दोन्ही एका वेळी नसतात. मी प्रपोजलमध्ये दोन्ही एकत्र देणार असं लिहिलं होतं, डिझाइन बदलायला हवं, आलटून पालटून द्यायचं.

माशाच्या बाजूने काय होतं तेही लिहिते. मासा स्वतःच अमोनिया तयार करतो, प्रथिनं पचवली की तो निघणारच. आपण त्याचा युरिया करतो, रोहू तसाच कल्ल्यातून बाहेर टाकतो. कल्ल्यातून कार्बन डायऑक्साइडही जात असतो, त्यामुळे कल्ल्याला चिकटून असलेला पाण्याचा पातळ थर थोडा आम्ल असतो, बाहेर पडलेला अमोनिया तिथे लगेच अमोनियम होतो आणि परत आत येत नाही. मोठी सुंदर सोय आहे. पण बाहेरचं पाणीच अल्कलाइन आणि अमोनियाने भरलेलं असेल तर ती सोय मोडते, स्वतःचा अमोनिया अंगात साठतो आणि बाहेरचाही आत येतो. मग बेचैनी, झटके, शेवटी तोल जाणं.

केनियात मगाडी नावाचं सरोवर आहे, पीएच 10 च्या आसपास, तिथला तिलापिया अमोनिया सोडून युरियाच टाकतो, त्याने प्रश्नच मिटवला. आपल्या लोणारचं पाणीही तसंच अल्कलाइन आहे पण तिथे असा मासा नाही. असो, भरकटले.

12 एप्रिल

काल आणि आज बंधाऱ्यावर 24 तास. कुठला ते मुद्दाम लिहीत नाही, एका दिवसाच्या डेटावरून गावाचं नाव घेणं योग्य नाही. दर दोन तासांनी दोन ठिकाणी सॅम्पल, एक उघड्या हिरव्या पाण्यात आणि एक वरच्या अंगाला केंदाळ (जलपर्णी) दाटलं आहे तिथे.

डीओ मीटर होता पण मी पोरांना विंकलर, म्हणजे रसायनं टाकून ऑक्सिजन मोजायची पद्धत, पण करायला लावली. 1888 ची पद्धत आहे, अजून हिच्याइतकी प्रामाणिक पद्धत नाही असं माझं मत. बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड ॲझाइड टाकलं की साका बसतो, ऑक्सिजन असेल तर तपकिरी, नसेल तर पांढरा. टायट्रेशन नंतर लॅबमध्ये, पण काठावरच डोळ्यांना उत्तर मिळतं. हिरव्या पाण्यातल्या दुपारच्या बाटल्या गडद तपकिरी, इतक्या की संपृक्ततेच्या वर असणार. पहाटे पाचची बाटली फिकट पिवळसर. केंदाळाखालच्या बाटल्या दुपारी फिकट आणि रात्रभर पांढऱ्याफटक. केंदाळ ऊन अडवतं, खाली शेवाळ नाही, ऑक्सिजन तयारच होत नाही, शिवाय गाळ तो खातच असतो. पीएच तिथे दिवसरात्र 7 च्या आसपासच, म्हणजे अमोनिया भरपूर असूनही मोकळा फार नाही. एकाच बंधाऱ्यामागे शंभर-दीडशे पावलांवर दोन वेगळी मरणं.

उघड्या पाण्यात सकाळी अकराचं रीडिंग बघा, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डीओ सावरलेला, पीएच अजून चढलेला नाही. अगदी सभ्य पाणी. आणि सॅम्पल घ्यायला कुणीही जातं ते साधारण ह्याच वेळी, ऑफिस उघडल्यावर निघून, जेवायच्या आधी. मीही आजपर्यंत त्याच वेळी जात आले.

रात्री एक भोई मामा होते सोबतीला, जाळं टाकून बसलेले. चिलापीच जास्त मिळतात म्हणाले. चिलापी म्हणजे तिलापिया, 1952 मध्ये भारतात आणला आणि आता सगळीकडे आहे. पूर्वी काय मिळायचं विचारल्यावर वाम, मरळ, शिंगटा, खवली अशी यादी सांगितली. "चिलापी बी तोंड वर काढाय लागली की मी जाळं गुंडाळतो, मॅडम." हे वाक्य मी तसंच उतरवून घेतलंय, कारण पृष्ठभागाच्या पातळ थरातलं पाणी ओढून जगणं ही तिलापियाची खासियतच आहे, ती चिन्ह म्हणून वापरता येईल.

22 एप्रिल

टायट्रेशन, फिनेट, एक्सेल. आज फक्त मानकं काढून बसले कारण पोरांनी विचारलं की मॅडम मग कायद्यात काय आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यजीवनासाठीचं पाणी म्हणजे ड वर्ग. डीओ 4 मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा जास्त, पीएच 6.5 ते 8.5, मोकळा अमोनिया 1.2 मिलिग्रॅम किंवा कमी. हा 1.2 मला फार सैल वाटतो. अमेरिकेच्या ईपीए ह्या पर्यावरण संस्थेने 2013 मध्ये अमोनियाचे निकष सुधारले, तिथे तीव्र मर्यादा पीएच 7 आणि 20 अंशाला एकूण अमोनिया 17 मिलिग्रॅम, दीर्घकाळासाठी 1.9. 17 मधला मोकळा भाग त्या पीएचला काढला तर 0.07 सुद्धा होत नाही. त्यांचे निकष गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांना धरून आहेत, शिंपले फार नाजूक असतात, त्यामुळे सरळ तुलना नको. तरी 0.07 कुठे आणि 1.2 कुठे.

आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षात राहत नाही. पर्यावरण संरक्षण नियमांत, उद्योगांनी नदीत सोडायच्या पाण्याच्या सर्वसाधारण मानकांत, बीओडी 30, सीओडी 250 (पाण्यातली घाण जिवाणूंमार्फत किंवा रसायनाने संपवायला किती ऑक्सिजन लागेल त्याची मापं) ह्यांच्याबरोबर बायोॲसे पण आहे: 100 टक्के सांडपाण्यात 96 तासांनी 90 टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. म्हणजे मासा हा कायद्यातच साक्षीदार आहे! रिपोर्टमध्ये बीओडी-सीओडीचे आकडे सापडतात, माशाचा रकाना मला फारच क्वचित दिसलाय. टाकी लागते, मासे सांभाळावे लागतात, चार दिवस लागतात, म्हणून असेल.

पोरांना एक हिशोब दिला. डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशचा (अल्कोहोल काढून उरलेल्या सांडपाण्याचा) बीओडी प्रक्रियेआधी 40 ते 50 हजार असतो. 45 हजार धरा, आणि चांगल्या पाण्यात ऑक्सिजन 8 मिलिग्रॅम. एक लिटर स्पेंट वॉश किती पाण्यातला ऑक्सिजन संपवेल? साडेपाच हजार लिटरच्या वर येतं. कागदावरचा हिशोब आहे, नदीत हवेतून ऑक्सिजन मिसळत राहतो वगैरे, पण अंदाज येतो. त्यात विष असायची गरजच नाही.

9 मे

परवा मतदान झालं. अर्ध्या स्टाफला इलेक्शन ड्युटी होती, मलाही ट्रेनिंग, त्यामुळे मुख्य प्रयोग पुढे ढकलला, मासे तेवढे खाऊन जाड झाले.

दरम्यान रक्तातली साखर मोजून बघितली. ताण आला की माशात कॉर्टिसॉल वाढतं, मग ग्लुकोज वाढतं, हे ठीक. एका पोराने आजोबांचं ग्लुकोमीटर आणलं, तसं बरेच जण वापरतात, आकडा प्रयोगशाळेच्या पद्धतीपेक्षा कमी येतो पण तुलना करायला चालतो. गंमत अशी की कंट्रोल (काहीच ताण न दिलेल्या) टाकीतल्या माशांचंही ग्लुकोज चढलेलं, आणि जो मासा जाळ्याने शेवटी पकडला त्याचं सगळ्यात जास्त. म्हणजे आम्ही जाळं घेऊन टाकीत पाच मिनिटं ढवळत होतो तोच ताण मोजला जात होता. हा निर्देशांक ह्या प्रयोगापुरता सोडून दिला. त्याऐवजी कल्ल्याची झाकणं मिनिटाला किती वेळा उघडतात ते व्हिडिओवरून मोजायचं, माशाला हात लावायचा नाही. फोन स्टँडला लावला की झालं.

ऑक्सिजन कमी झाला की मासा झाकणं भराभर हलवतो, कल्ल्यावरून जास्त पाणी नेतो. पाण्यात हवेच्या मानाने ऑक्सिजन तीसाव्या हिश्शाएवढाच असतो त्यामुळे मुळातच त्याला खूप पाणी ओढावं लागतं. जास्त पाणी ओढलं की त्यातलं जे काही विष असेल तेही कल्ल्याजवळून जास्त जातं. म्हणून स्वच्छ एअरेटेड टाकीत काढलेली एलसी50 नदीला लावताना माझा हात जरा आखडतो.

18 मे

काल संध्याकाळी वळीव झाला, जोरात. आज सकाळी सव्वासहाला मामांचा फोन. "मॅडम, या लवकर. खच पडलाय."

आठला पोचलो. काठावर गर्दी, लोक पोत्यात मासे भरतायत, काही जिवंत, काही मेलेले. ते विकले जाणार हे सगळ्यांना माहीत. मी पोरांना सांगितलं होतं की पाण्याआधी मासे बघायचे, कारण पाणी निघून जातं किंवा बदलतं. काय बघायचं ते असं: कुठल्या जातीचे मेले, कुठले वाचले, मोठे आधी की लहान आधी, किती वाजता सुरू झालं, कल्ल्यांचा रंग काय.

कटला, मृगळ, रोहू, खवली मेलेले. मोठे जास्त. तोंडं उघडी, कल्ले फाकलेले आणि फिकट. लहान चिलापी पृष्ठभागावर तोंडं वर काढून जिवंत. मामा म्हणाले "चारपास्नं तोंड वर काढाय लागली. मरळ मातुर एक बी न्हाई मेली." मला तिथेच उत्तर मिळालं. मरळ हवेतला श्वास घेतो, वर येऊन घोट घेतला की त्याचं भागतं. विष असतं तर मरळही गेला असता. कीटकनाशक असतं तर आधी लहान मासे, आणि झटके, वेडंवाकडं पोहणं. सायनाइड असतं तर कल्ले लालभडक. नायट्राइट असतं तर रक्त चॉकलेटी. इथे पहाटेची वेळ, मोठे मासे, फिकट कल्ले, हवा घेणारा वाचला. ऑक्सिजन संपला, बाकी काही नाही.

का संपला? वळवाने नाले-ओढे धुऊन काढले, वर्षभर साचलेली घाण एकदम बंधाऱ्यात. पाऊस गार, वरचं पाणी जड होऊन खाली गेलं, तळाचं काळं पाणी वर आलं, सडक्या अंड्यासारखा वास येत होता म्हणजे हायड्रोजन सल्फाइड थोडा असणारच. रात्रभर ढग, संध्याकाळपासून प्रकाश नाही.

एका पत्रकाराचा फोन आला, नेमकं कोणतं विष? मी म्हटलं ऑक्सिजन संपला. म्हणजे नैसर्गिक का? म्हटलं अजिबात नाही, ऑक्सिजन खाणारी घाण माणसांनीच सोडलीय, फक्त ती काल रात्री सोडलेली नाही, वर्षभर सोडलीय. ते छापायला अवघड असावं, कारण त्यात एक आरोपी सापडत नाही. बातमीत "विषारी रसायन" आलंच. सॅम्पल घ्यायला गाडी आली तेव्हा बारा वाजून गेले होते, लख्ख ऊन, पाणी हिरवं व्हायला लागलेलं. त्या बाटलीत काय सापडणार?

6 जून

मुख्य प्रयोग झाला. चार गट, प्रत्येकी दोन टाक्या, टाकी 100 लिटरची, मासे दहा-दहा, म्हणजे लिटरमागे किती ग्रॅम मासा ठेवायचा त्या मर्यादेच्या आत. पहिला गट कंट्रोल. दुसरा, दुपारी सहा तास पीएच 8.8 आणि अमोनिया, रात्री स्वच्छ पाणी. तिसरा, दुपारी स्वच्छ, मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत कमी ऑक्सिजन, पीएच धरून ठेवलेला. चौथा, दुपारी अमोनिया आणि रात्री कमी ऑक्सिजन, दोन्ही, आलटून पालटून. अमोनियम क्लोराइड वजन करताना लक्षात ठेवायचं, नायट्रोजनच्या 1 मिलिग्रॅमला 3.82 मिलिग्रॅम लागतं, पोरं दर वेळी ह्यात गोंधळतात. शिवाय जास्त पीएचला अमोनिया हवेत उडतो, म्हणून टाकलेला आकडा न धरता दर तासाला मोजलेला धरलाय.

मात्रा मुद्दाम अशी ठेवली होती की एकेकट्या ताणाने कुणाचा तोल जाऊ नये. तसंच झालं. दुसऱ्या गटाने खाणं सोडलं, कोपऱ्यात घुटमळत राहिले, पण रात्री सावरले. तिसरा गट पहाटे वर येऊन तोंड उघडायचा, उजाडल्यावर एअरेटर चालू केला की तासाभरात नॉर्मल. चौथ्यात पहिल्या पहाटे फरक दिसला नाही, मी जरा खट्टू झाले. दुसऱ्या पहाटे झाकणांची गती तिसऱ्या गटापेक्षा स्पष्ट जास्त. तिसऱ्या पहाटे साडेतीन ते पाचमध्ये एकेक करत तोल जायला लागला, दोन्ही टाक्यांत, निम्म्याहून जास्त मासे काढावे लागले. ऑक्सिजन तेव्हा तिसऱ्या गटाएवढाच होता, मीटरवर आणि विंकलरवर दोन्हीकडे तपासला.

म्हणजे पहाटेचा ऑक्सिजन दोन्ही गटांना सारखाच मिळत होता, पण चौथ्याचे कल्ले तो घेऊ शकत नव्हते, असा माझा अंदाज. स्लाइड बघितल्याशिवाय बोलत नाही. आणि दोन टाक्या म्हणजे दोनच, पुन्हा करायला लागणार.

21 जून

मायक्रोटोमचं (मेणात बसवलेल्या कल्ल्याचे पातळ काप घ्यायचं) काम उन्हाळ्यात नको रे बाबा, मेण मऊ पडतं, रिबन चिकटते, ठोकळे बर्फावर ठेवून ठेवून कापले. आता पावसाने गारवा आला तर जरा बरं. बुइन्सच्या द्रावणात फिक्स केलेले कल्ले, काप 5 मायक्रॉनचे, रंग हिमॅटॉक्सिलिन-इओसिन.

पीएचडीवालीला गट न सांगता स्लाइड दिल्या, तिने नुसते गुण द्यायचे. कंट्रोलच्या कल्ल्यातल्या बारीक पटल्या सरळ, एकमेकींत मोकळी जागा, मधली पेशींची कड पातळ. तिसऱ्या गटात फारसं काही नाही. दुसऱ्या आणि चौथ्यात पटलीवरची कातडी सुटून वर उचललेली, खाली पाणी भरलेलं, पेशी वाढून पटल्यांमधली जागा भरत चाललेली, एक-दोन ठिकाणी पटल्या जोडल्याच गेलेल्या. विषापासून बचाव म्हणून मासा हे करतो असं मानतात, रक्त आणि पाणी ह्यांतलं अंतर वाढलं की विष हळू जातं. पण ऑक्सिजनही त्याच वाटेने येतो. दुपारी केलेला बचाव पहाटे नडतो.

मला खटकणारी एक गोष्ट: दुसऱ्या आणि चौथ्याच्या गुणांत फार फरक नाही. म्हणजे इजा अमोनियाची, कमी ऑक्सिजनने ती वाढवली असं स्लाइड म्हणत नाही. मग चौथ्यातला मासा फक्त यांत्रिक अडचणीने गुदमरला का रक्तातही काही बिघडलं होतं, ते ह्या डेटावरून सांगता येणार नाही. रक्तातला अमोनिया मोजायला हवा होता, त्यासाठी रक्त जास्त लागतं, एवढ्याशा माशातून निघत नाही. पुढच्या वेळी मोठे मासे.

28 जुलै

पूर आहे. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला 43 फुटांची धोका पातळी ओलांडून वर गेली, कॉलेजला सुट्टी, आमची लॅब उंचावर त्यामुळे टाक्या सुरक्षित, इन्व्हर्टरवर एअरेटर. मामा नातेवाइकांकडे गेलेत, जाळी माळ्यावर टाकून. फोनवर म्हणाले यंदा चढणीचा मासा बरा मिळाला.

आत्ता नदीत डीओची काळजीच नाही, सगळं वाहतंय, काळा गाळ पुढे कृष्णेत गेला असणार. त्यामुळे नदीवरचं काम बरगे बसेपर्यंत बंद. तोवर लॅबमध्ये चार टाक्या वाढवायच्या, अर्धपोटी आणि भरपेट माशांत फरक पडतो का ते बघायचं, कारण गाइडलाइनप्रमाणे आम्ही प्रयोगाआधी 24 तास उपाशी ठेवतो आणि नदीतला मासा सांडपाण्यावरचे किडे खाऊन टम्म असतो, त्याच्या अंगातला स्वतःचा अमोनियाच जास्त. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बरगे बसले की पहिल्या आठवड्यापासून लॉगर, म्हणजे आपोआप नोंद ठेवणारा मीटर, पाण्यात टाकायचाय, डीओ, पीएच, तापमान, दर पंधरा मिनिटांनी, सलग मेपर्यंत. लॉगर चोरीला जाऊ नये म्हणून मामांच्या होडीच्या खुंट्याला साखळीने बांधायचा असं ठरलंय. एक लॉगर आहे, केंदाळाखाली ठेवायला दुसरा हवा आणि नवीन घ्यायचं बजेट मार्चपर्यंत नाही. कुणाच्या लॅबमध्ये वापरात नसलेला पडून असेल, जुना असला तरी चालेल, प्रोबची मेंब्रेन आम्ही बदलून घेऊ, तर कळवा.